जुने ते सोने, की नुसतेच जुने?



मागच्या रविवारी मधल्या सुट्टीत आपल्या वर्गात जोरदार भांडण झाले. ऱ्हस्व-दीर्घावरून नव्हे, की चिवड्यातले शेंगदाणे कोणी वेचून खाल्ले यावरूनही नव्हे. भांडण होते वर्गाच्या 'माइनक्राफ्ट' सर्व्हरवरून. मोठ्या मुलांचे म्हणणे, सर्व्हर १.८ आवृत्तीवर आहे तसाच राहू द्या. धाकट्यांचे म्हणणे, तो नवा करा, नाहीतर आम्ही खेळायला येणारच नाही. बाईंनी दोन्ही पक्षांना शुद्धलेखनाला बसवले आणि तंटा आमच्याकडे पाठवून दिला. कारण ते यंत्र आमच्या जिन्याखाली असते आणि त्याच्या विजेचे बिल आम्ही भरतो.

"हो" किंवा "नाही" एवढे तोंडी सांगून मोकळे होता आले असते. पण "आम्ही सांगतो म्हणून" हे उत्तर मुलांना देऊ नये, कारण द्यावे, असे आम्हाला वाटते. म्हणून आमचे मत कारणांसकट लिहून देत आहोत. पटले नाही तर पुढच्या अंकात खुशाल खोडून काढावे.

ज्या पालकांना हा खेळ म्हणजे "जेवायला चल" या हाकेला उत्तर न येण्याचे कारण एवढाच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. माइनक्राफ्टचा जन्म स्वीडनमध्ये २००९ साली झाला. त्यात सगळे जग ठोकळ्यांचे असते. डोंगर ठोकळ्यांचे, झाडे ठोकळ्यांची, गाय सुद्धा ठोकळ्यांची. मुले हे ठोकळे फोडतात आणि हवे तसे रचतात. अनेकांना एकाच जगात खेळायचे असेल तर सर्वांच्या मध्ये एक संगणक लागतो, तो सर्व्हर. तो खो-खोतल्या पंचासारखा असतो. धावतात मुले, पण कोण बाद झाला ते पंच ठरवतो. शिवाय हा पंच वहीही ठेवतो: कोणता ठोकळा कुठे आहे, कोणाच्या पेटीत किती हिरे आहेत. हे सारे काम तो सेकंदाला २० वेळा करतो, म्हणजे प्रत्येक फेरीसाठी त्याच्याजवळ ५० मिलिसेकंद असतात. फेरी तेवढ्यात आटोपली नाही तर खेळ अडखळतो आणि घरोघरी "लॅग! लॅग!" असा घोष सुरू होतो. ज्या प्रोग्रॅमच्या जिवावर पंच हे सगळे करतो, ते सर्व्हरचे इंजिन. आपले भांडण त्या इंजिनाचे आहे.

आपले जग २०१५ च्या उन्हाळी सुट्टीत सुरू झाले. ज्यांनी ते सुरू केले ती मुले आता कॉलेज संपवून नोकरीला लागली. पण त्यांचा महादरवाजा उभा आहे, त्यांचा चौसोपी वाडा उभा आहे, अंगणात तुळशीवृंदावन आहे, आणि नदीकाठी सोन्याच्या ठोकळ्यांचा एक प्रचंड बटाटेवडाही आहे, जो कोणी व का बांधला हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या खेळाचा नाही. दहा वर्षांहून अधिक काळ वर्गाच्या मुलांनी हातांनी केलेले काम त्या यंत्रात आहे. ते कोणाच्या स्वाधीन करायचे, हा खरा प्रश्न.

आधी मोठ्यांची बाजू मांडतो, कारण ती नुसत्या हट्टाची नाही. १.८ आवृत्ती सप्टेंबर २०१४ मध्ये आली. त्यानंतरची १.९ आली फेब्रुवारी २०१६ मध्ये, आणि तिने लढाईचे नियमच बदलले. पूर्वी जितक्या भराभर बटण दाबाल तितके वार होत. १.९ पासून प्रत्येक वारानंतर क्षणभर थांबावे लागते. न थांबता मारलात तर वार लटका पडतो. शिवाय ढाल आली. ज्यांची बोटे जुन्या तालावर तयार झाली होती त्यांच्या दृष्टीने हा दुसराच खेळ झाला, आणि लढाईचे कितीतरी सर्व्हर त्यानंतर वर्षानुवर्षे मुद्दाम १.८ वर राहिले. ते मागे पडले म्हणून नव्हे, तर त्यांनी ती आवृत्ती निवडून राखली म्हणून. याला आम्ही मान देतो. आमची मराठीसुद्धा आम्ही देश सोडला त्या सालच्या आवृत्तीवर चालते असे पुण्याचे भाचे म्हणतात. तेव्हा जुन्याचा कैवार आम्हाला कमी आहे असे कोणी समजू नये.

दुसरे, जुने इंजिन हलके आहे. आपल्या छोट्या सर्व्हरला १ गिगाबाइट स्मृतीत भागते. नव्याला त्याच्या दुप्पट-चौपट द्यावी लागेल. आणि नवे घेतले की एकदाच खर्च करून सुटका होत नाही. २०१८ मध्ये १.१३ आली तेव्हा ठोकळ्यांचे जुने क्रमांक गेले. त्याआधी दगडाचा क्रमांक १, मातीचा ३ असा हिशेब होता. त्याऐवजी प्रत्येक ठोकळ्याला नाव मिळाले. बदल शहाणपणाचाच होता, पण क्रमांकांवर बेतलेले प्लगइन, म्हणजे सर्व्हरला लोकांनी जोडलेले छोटे प्रोग्रॅम, एका रात्रीत निकामी झाले. २०२१ मध्ये १.१७ ने जावा १६ मागितले, त्याच वर्षी १.१८ ने जावा १७, आणि २०२४ मध्ये १.२०.५ ने जावा २१. नव्या घराला दर पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतील, हे आधीच सांगून ठेवतो.

आता धाकट्यांची बाजू. त्यांना १.१८ च्या खोल गुहा हव्या आहेत, २०२३ च्या १.२० मधली गुलाबी चेरीची झाडे हवी आहेत. हा हट्ट वाटेल, पण त्यांच्या जागी उभे राहून पाहा. आठवडाभर शाळेतल्या मित्रांबरोबर ती एक खेळ खेळतात आणि रविवारी आपल्या जगात यायचे म्हणजे मुद्दाम दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती लावून यायचे. मग तिथे निम्म्या गोष्टी नसतात. "आपल्या मराठीच्या जगात सगळे जुनेच का असते?" असे एका मुलीने आम्हाला विचारले. त्यावर आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. दोन-तीन वर्षांत मोठी मुले निघून जातील. धाकटी आलीच नाहीत तर १.८ वरचे ते सुरेख जग आमच्या जिन्याखाली रिकामे चालू राहील. त्यापेक्षा बटाटेवड्याचे स्मारक बरे.

इथपर्यंत तराजू जवळजवळ समतोल आहे. तो झुकवणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगताना आम्हाला आमची चूक कबूल करावी लागते.

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग४जे' नावाच्या जावाच्या एका भागात मोठा दोष सापडला. हा भाग म्हणजे पंचाचा कारकून. जे घडेल ते टिपून ठेवायचे एवढेच त्याचे काम, मुले एकमेकांना लिहितात ते संदेश सुद्धा. दोष असा की विशिष्ट पद्धतीने लिहिलेली एक ओळ समोर आली की कारकून ती नुसती टिपून न घेता तिची आज्ञा पाळू लागे, आणि बाहेरच्या कोणाचा तरी प्रोग्रॅम आणून यंत्रावर चालवी. म्हणजे खेळातल्या गप्पांत एक ओळ लिहून परक्याला तुमच्या संगणकात शिरता येत होते. १.७ पासून १.१८ पर्यंतच्या आवृत्त्या या दोषात सापडत होत्या, म्हणजे आपली १.८ धरून. १० डिसेंबरला १.१८.१ आली आणि नव्या आवृत्तीवरच्या लोकांचे काम भागले. जुन्या आवृत्त्यांसाठीही खेळ बनवणाऱ्यांनी उपाय दिला होता. एक छोटी फाईल आपल्या हाताने ठेवायची आणि सर्व्हर सुरू करण्याच्या आज्ञेत एक ओळ घालायची. काम पाच मिनिटांचे. आम्ही ते केले, पण चार दिवसांनी, कारण १.८ कडे लक्ष ठेवणे आम्ही केव्हाच सोडले होते. चालते आहे ना, मग झाले! ते चार दिवस आपण वाचलो ते आमच्या हुशारीने नव्हे. सर्व्हरवर फक्त यादीतल्या मुलांनाच प्रवेश होता, म्हणून वाचलो.

मोठी मुले इथे एक बिनतोड मुद्दा काढतील, तो आम्हीच काढून ठेवतो. १.७ च्याही आधीच्या आवृत्त्यांना हा दोष नव्हताच! म्हणजे "जुने ते धोक्याचे" हा नियमही खोटा. अगदी बरोबर. म्हणूनच आमचे म्हणणे वयाबद्दल नाही. जुने इंजिन आणि बेवारस इंजिन यांत फरक आहे, आणि आपले इंजिन जुने होता होता बेवारस झाले आहे.

इंजिन म्हणजे शेवटी माणसे. याचा सर्वांत चांगला पुरावा याच खेळाच्या इतिहासात आहे. मूळ सर्व्हरला प्लगइन जोडता यावेत म्हणून हौशी प्रोग्रॅमरांनी 'बकिट' नावाचा प्रकल्प चालवला होता आणि जगभरचे असंख्य सर्व्हर त्यावर चालत. सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे १.८ आली त्याच महिन्यात, त्यातल्याच एका प्रमुख प्रोग्रॅमरने आपल्या लिखाणावरील हक्काची कायदेशीर नोटीस काढली आणि प्रकल्प ठप्प झाला. प्रोग्रॅम बिघडला नव्हता. आदल्या दिवशी जसा चालत होता तसाच दुसऱ्या दिवशीही चालत होता. फक्त तो दुरुस्त करणारे कोणी उरले नव्हते. मग 'स्पिगॉट'वाल्यांनी धागा उचलला, स्पिगॉटवरून पुढे 'पेपर' निघाला, आणि २०२४ च्या अखेरीस पेपरने स्पिगॉटपासून वेगळी वाट धरल्याचे जाहीर केले. घराणी फुटतात, गादी चालू राहते. तेव्हा इंजिन निवडताना "वेग किती?" याआधी "उद्या दोष सापडला तर दुरुस्त कोण करील?" हे विचारावे.

आमच्या पूर्वीच्या एका कचेरीत हिशेबाचा एक फार जुना प्रोग्रॅम होता. ज्याने लिहिला तो निवृत्त झाला होता. यंत्रावर "हात लावू नये" अशी चिठ्ठी डकवलेली, आणि सगळे त्या चिठ्ठीला नमस्कार करून पुढे जात. एक दिवस डिस्क गेली. प्रोग्रॅमची प्रत होती, पण तो नव्या यंत्रावर बसवायचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. दोन आठवडे हिशेब हाताने लिहिले. तेव्हापासून "चालते आहे, हात लावू नका" हे वाक्य ऐकले की आमच्या पोटात गोळा येतो.

मग मोठ्यांच्या लढाईचे काय? इथे दोन्ही पक्षांची एक गफलत होते आहे. ते खेळ आणि इंजिन यांना एकच समजतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाची जुनी आवृत्ती परत द्या अशी खेळाडूंची मागणी होती. बनवणाऱ्यांनी आधी २००६ ची १.१२ आवृत्ती तिच्या जुन्या इंजिनासकट चालवून पाहिली. मग त्यांच्या ध्यानात आले की असे केले तर मधल्या काळात बुजवलेली भोके पुन्हा उघडी पडतील आणि फसवेगिरी पकडण्याची नवी साधने हातची जातील. म्हणून त्यांनी नवे इंजिन घेतले आणि त्यात जुन्या खेळाची माहिती भरली: जुने नियम, जुनी गावे, जुने आकडे. २०१८ मध्ये त्यांनी हे उघड सांगितले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये 'क्लासिक' या नावाने तो जुना खेळ नव्या इंजिनावर सुरू झाला. जात्यावरच्या ओव्या गायच्या म्हणून दळण जात्यावरच दळले पाहिजे असे नाही.

आपल्यालाही हेच करता येते. नव्या सर्व्हरवर १.८ च्या लढाईचे नियम आणणारे प्लगइन आहेत. हुबेहूब तोच हात बसेल असे वचन आम्ही देत नाही. बोटांना जे कळते ते आकड्यांना कळत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण करून पाहिल्याशिवाय "नाही" म्हणू नये.

तेव्हा आमचा सल्ला असा:

१. आधी प्रत. जग नव्या आवृत्तीत उघडले की ते जुनीत परत जात नाही. लोणचे घातल्यावर कैरी परत मिळत नाही, तसे. म्हणून आजच्या जगाच्या दोन प्रती काढाव्यात, एक आमच्याकडे आणि एक बाईंकडे. बदल आधी तिसऱ्या प्रतीवर करून पाहावा. विशेषतः १.१८ मध्ये जगाची उंची २५६ ठोकळ्यांवरून ३८४ झाली आहे. जुना तळ जिथे संपत होता त्याच्याखाली आणखी ६४ थर तयार होतात. म्हणजे आपल्या महादरवाज्याखाली आयतीच भुयारे निघतील! किल्ल्याला शोभेल, पण आधी पाहून घेतलेले बरे.

२. इंजिन पेपर घ्यावे, पण अगदी ताजी आवृत्ती आली त्याच दिवशी नव्हे. पहिल्या दुरुस्त्या येईपर्यंत थांबावे. नवा पूल झाला की आधी दुसऱ्यांची ओझी जाऊ द्यावीत. काही मुले २०२३ मध्ये निघालेल्या 'फोलिया'चे नाव घेत होती. ते इंजिन जगाचे तुकडे करून प्रत्येकाचे काम संगणकाच्या वेगवेगळ्या भागांना वाटून देते. शेकडो खेळाडू दूरदूर पसरलेले असतील तर त्याचा उपयोग. आपण पंधराजण, तेही सगळे त्या बटाटेवड्यापाशी उभे. आपल्याला त्याचा फायदा नाही, आणि नेहमीचे प्लगइन त्यावर तसेच्या तसे चालत नाहीत. नवे म्हणून नवे घेणे हाही बेवारसपणाचाच भाऊ.

३. जुनी लढाई नव्या इंजिनावर एका वेगळ्या आखाड्यात महिनाभर करून पाहावी. मोठ्यांनी प्रामाणिकपणे सांगावे, हात बसतो का. नाहीच बसला तर लढाईपुरता १.८ चा वेगळा छोटा सर्व्हर ठेवू. त्यात वर्गाचे जग असणार नाही, प्रवेश यादीतल्यांनाच मिळेल, आणि घरात कोणी लक्ष द्यायला असेल तेव्हाच तो चालू राहील.

४. दोन राखणदार नेमावेत, एक मोठ्यांतला, एक धाकट्यांतला. महिन्यातून एकदा नव्या दुरुस्त्या पाहणे, प्रत काढणे आणि, हे विसरू नये, ती प्रत उघडून जग खरोखर दिसते का ते तपासणे, ही त्यांची कामे. न उघडलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे, ती नुसती समजूत. आम्ही शिकवू. आमच्यावर एकट्यावर हे सोडू नका. चार दिवसांची गोष्ट वर सांगितलीच आहे.

राहिली एक पाटी. वाड्याच्या माडीवरच्या खोलीत २०१७ मध्ये दुसऱ्या देशी गेलेल्या एका मुलाने ती लावून ठेवली आहे. तिच्यावर चार ओळी आहेत: "ही माझी खोली. कोनी मोडु नये. मी परत येनार आहे." जुन्या आवृत्तीत लावलेली पाटी बदलता येत नसे, फार तर फोडता येई. २०२३ च्या १.२० पासून पाटी पुन्हा लिहिता येते, आणि हे कळताच आपल्या एका धाकट्या विद्वानाने उत्साहाने विचारले, "मग आता त्याचे शुद्धलेखन दुरुस्त करू या?"

नाही. बाईंची क्षमा मागून सांगतो, ते शुद्धलेखन तसेच राहू द्यावे. नव्या इंजिनात त्याचीही सोय आहे. मधमाश्यांच्या पोळ्याचे मेण पाटीवर लावले की तिच्यावरची अक्षरे कोणाला बदलता येत नाहीत. नव्या सर्व्हरवर पहिले काम तेवढे करावे, मग गुहांकडे पळावे.

आता निर्णय तुमचा. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' नावाचा खेळ २०१३ मध्ये ऑगस्ट २००७ च्या राखून ठेवलेल्या प्रतीवरून पुन्हा सुरू झाला, आणि त्यात पुढे काही नवे घालायचे तर आधी खेळाडूंची मते घ्यायची, ७५ टक्के मिळाली तरच घालायचे, असा नियम अनेक वर्षे होता. आपणही तोच बारा आण्यांचा नियम धरू. पुढच्या रविवारी मधल्या सुट्टीत चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठी मराठीत लिहावी, आणि खाली एका ओळीत कारण द्यावे. बिनकारणाची चिठ्ठी बाद धरली जाईल, मग ती जुन्याच्या बाजूची असो की नव्याच्या.

– एक पालक